खांद्यावरची केबल

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. दहावी नापास वेल्डर आहे. मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावचा फाटा लागतो, त्या फाट्यावर घराला लागून माझं पत्र्याचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली, तिथं मी ट्रॉल्या, गेटं, वखर-तिफणी आणि लोकांच्या मोडक्या खुर्च्या जोडतो. मागच्या उन्हाळ्यात माझ्या छातीत डाव्या बाजूला पेसमेकर बसवला. तेव्हापासून कोणी ना कोणी येऊन विचारतंच. कोणाच्या सासऱ्याला यंत्र बसलेलं असतं, कोणाच्या भावाला बसवायचं असतं. सवाल एकच, "प्रभाकरभाऊ, यंत्र बसल्यावर वेल्डिंगचा होल्डर धरता येते का नाही?"

सांगून सांगून घसा बसला माझा. मग माझी मुलगी वैशाली सुट्टीत आली, ती म्हणाली, "बाबा, एकदाचं लिहूनच काढा." तर मी बोलतो आणि ती लिहिते. माझी भाषा ती नीटनेटकी करते, पण लोक जसे बोलले तसंच ठेव, अशी अट मी घातली आहे. नाहीतर आमचा अय्यूबभाई पुण्याच्या मास्तरासारखा बोलताना दिसायचा.

पडलो तो दिवस

पंधरा दिवस आधीपासून चक्कर येत होती. पायरी चढलो की डोकं हलकं व्हायचं. माझी बायको शोभा म्हणायची, डॉक्टरला दाखवा. मी म्हणायचो, पित्त आहे. तिनं आलं-लिंबू दिलं, मग मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन दृष्टही काढली. मिरच्यांचा ठसका लागला नाही म्हणजे नजर लागलीच आहे, असं शेजारणीनं छातीठोक सांगितलं. मलाही ते बरंच वाटलं. नजर लागली असेल तर दवाखान्यात जावं लागत नाही.

त्या दिवशी एका शाळेच्या गेटचं काम चालू होतं. डाव्या हातात तोंडापुढं धरायची काळी काच, उजव्या हातात रॉड पकडायचा होल्डर. काम करताना डोळ्यांपुढं अंधार आला. आता वेल्डरला काचेमागं अंधारच असतो, त्यामुळं हा अंधार वेगळा आहे हे मला कळलंच नाही. जागा झालो तेव्हा मी जमिनीवर होतो आणि अय्यूबभाई माझ्या तोंडावर पाणी मारत होता.

अय्यूबभाईचं दुकान रस्त्याच्या पलीकडं. तोही वेल्डरच. धंद्यातला वैरी आणि चहातला सोबती. त्यानं माझं मशीन बंद केलं, मला जीपमध्ये टाकलं आणि मेहकरला नेलं. वाटेत मी दोनदा म्हटलं, "काही नाही भाई, उन्ह लागलं." तो म्हणाला, "चुप बैस बे. मेला होता तू."

मेहकरच्या डॉक्टरांनी नाडी धरली. घड्याळाकडं पाहिलं. पुन्हा धरली. मग कार्डिओग्रामची पट्टी काढली. नाडी बत्तीस होती. निरोग्या माणसाची सत्तर-पंच्याहत्तर असते, एवढं मलाही ठाऊक होतं.

"तुमच्या हृदयाचं वायरिंग गेलंय," डॉक्टर म्हणाले. "वरून निघालेला करंट खाली पोचत नाही."

मी धंद्याचाच माणूस. म्हटलं, "मग जोडून घ्या ना."

"जोडता येत नाही. बाहेरून दुसरा करंट द्यावा लागतो. आत्ताच्या आत्ता संभाजीनगरला निघा."

तेव्हा शोभा येऊन पोचली होती. तिनं एकच विचारलं, "आत्ताच्या आत्ता म्हंजे घरी जाऊन कपडे आणता येतीन का?" डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

अ‍ॅम्ब्युलन्स

वाटभर शोभा बोलत होती. गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या होत्या, त्या शेजारणीनं उचलल्या असतील का. गॅसची टाकी बंद केली की नाही. वैशालीला नांदुऱ्याला फोन केला तर ती रडत निघेल, म्हणून जावयाला करावा का. मी म्हटलं, "अवं, जराशी गप बैस ना." ती गप्प बसली आणि पदराचं टोक पिळायला लागली. म्हणून मीच म्हटलं, "कुरड्यांचं काय सांगत होती?" मग ती पुन्हा सुरू झाली. दवाखाना येईपर्यंत आम्ही कुरड्यांवर बोललो. मला भीती वाटत होती.

दवाखाना

तिथं आधी तात्पुरती तार टाकली, दुसऱ्या दिवशी कायमचं यंत्र बसवलं. भूल फक्त तेवढ्या जागेला होती, त्यामुळं डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं. पडद्यामागं ते कोणाच्या तरी मुलाच्या दहावीच्या निकालावर बोलत होते. मला धीर आला. माणूस मरायला टेकला असता तर निकालावर बोलले नसते.

यंत्र काडीपेटीहून चपटं. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत ठेवतात आणि तिथून तार हृदयात जाते. हृदय आपलं आपण चाललं तर यंत्र गप्प बसतं. हृदय थबकलं की ते ठोका देतं. बस, मला एवढंच समजलं आणि तेवढं पुरलं.

वॉर्डात पाच दिवस होतो. सकाळी सहाला झाडू, साताला चहा, मग ताप बघणारी, मग रक्त घेणारी, मग राऊंड. राऊंड यायच्या आधी नातेवाइकांना हाकलायचे आणि राऊंड गेला की तेच नातेवाईक दुसऱ्या दारानं आत. शोभा त्यात पहिल्याच दिवशी पटाईत झाली. शेजारच्या खाटेवर धाड गावचे एक म्हातारे बाबा होते. त्यांच्या सुनेनं ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणला होता. दवाखान्याची फिक्की खिचडी तीन दिवस खाऊन मी त्या डब्याकडं पाहत होतो. त्या बाईनं ते पाहिलं. अर्धी भाकरी मोडली, वर उलीसा, चिमूटभर ठेचा ठेवला आणि माझ्या ताटात टाकली. देवाशपथ सांगतो, यंत्र बसल्यावर मी जिवंत आहे असं पहिल्यांदा त्या भाकरीनं मला पटवलं.

घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही. यंत्राचं कार्ड कायम खिशात. मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "काम काय करता?"

"वेल्डिंग."

डॉक्टरांचा पेन थांबला. "सहा आठवडे तर काहीच करायचं नाही. पुढचं तीन महिन्यांच्या तपासणीनंतर ठरवू. काहींना अटी पाळून करता येतं, काहींना नाही. तोपर्यंत मशीनपासून लांब राहा."

आम्ही दोघं बाहेर आलो. शोभा म्हणाली, "ऐकलं ना, नाही म्हनलं डॉक्टरनं." मी म्हटलं, "काहींना करता येते म्हनलं." डॉक्टर एकच, वाक्य एकच, आणि आम्ही दोघांनी आपापल्या सोयीचा तुकडा उचलला. भांडणाचं बी तिथंच पडलं.

भेटायला येणारे

आजारापेक्षा भेटायला येणारे भारी असतात. एक म्हणाला, विजेच्या मोठ्या तारांखालून जाऊ नको, यंत्र फुटते. एकानं विचारलं, चार्जिंग कुठून करतात? एक लांबची मावशी पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आता बॅटरी आहे तोवर आहे बाप्पा आपला परभाकर." शोभा आत गेली आणि भांडी आपटायला लागली. आमच्या गावच्या न्हाव्यानं तर माझी दाढी मशीननं करायला साफ नकार दिला. वस्तरा काढला. म्हणे, "भाऊ, तुमच्या मशीनले माह्या मशीनचा राग आला म्हंजे?" हसून हसून टाके दुखले माझे.

पण लोक गेले की मी दुकानाच्या बंद दाराकडं पाहत बसायचो. मला दुसरं काही येत नाही हो. शेती दीड एकर, तीही भावासोबत. सव्वीस वर्षं मी लोखंड जोडलं, आणि गावात मला 'प्रभाकर वेल्डर' म्हणतात, नुसतं प्रभाकर कोणी म्हणत नाही. होल्डर सुटला तर मागं काय उरतं, हाच विचार डोक्यात फिरायचा. शोभा म्हणायची, मशीन विकून टाका, दुधाचा धंदा करू. मी हो म्हणायचो नाही, नाही म्हणायचो नाही.

मंगळवार

सहा आठवडे पाळले. सातव्या आठवड्यात माझी मीच सूट घेतली. तपासणीला अजून दीड महिना होता, पण पेरणीचे दिवस, तिफणीला लोक उभे, आणि अय्यूबभाई दोन दुकानांचं काम एकटा ओढत होता. शोभाला सांगितलं, फक्त रंगाचं काम करतो. तिच्यासमोर रंगच मारायचो. ती घरात गेली की वेल्डिंगचा एखादा टाका मारून घ्यायचो. चिमणी दाणा टिपते तसा.

माझ्या मनात हिशेब साफ होता. ठिणगीपासून छाती लांब ठेवायची, बस. हात लांब करून काम करायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो.

मंगळवारी आमच्या गावचा बाजार. शोभा बाजारात गेली होती. एक ट्रॉली आली, तिच्या मागच्या दाराची बिजागरी तुटलेली. आदल्या दिवशी पाऊस झालेला, ट्रॉली ओली, रॉड दमट. मी ट्रॉलीवर चढलो. आणि सव्वीस वर्षं जे करत आलो तेच केलं. होल्डरची केबल जड असते, उंचावर काम करताना मनगटाला ओढ बसते. म्हणून आम्ही सगळे वेल्डर ती डाव्या खांद्यावरून पाठीमागं टाकतो. वजन खांद्यावर येतं, हात मोकळा. बुलढाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणताही वेल्डर बघा, शर्टाचा डावा खांदा आधी झिजलेला असतो. करंट मशीनकडं परत नेणारा अर्थिंगचा चिमटा मी ट्रॉलीच्या पार पुढच्या टोकाला लावला होता, कारण तो तिथं हाताला सोपा पडला.

दमट रॉड पेटेना. मी तो लोखंडावर टक-टक-टक-टक आपटत बसलो. पेटला, विझला, पुन्हा टक-टक. आणि एकदम पायाखालची ट्रॉली सरकल्यासारखं झालं. डोळ्यांपुढं तोच अंधार. पण या वेळी तो अंधार मी ओळखला. हातातला होल्डर टाकून दिला आणि खाली बसलो. दोन-तीन सेकंदांत सगळं जागेवर आलं.

ट्रॉलीवाला म्हणाला, "काय झालं भाऊ?"

"काही नाही. ढगातलं उन्ह लागलं."

केबल खांद्यावरून काढली, गुंडाळून ठेवली आणि त्याला अय्यूबभाईकडं पाठवलं. शोभा बाजारातून आली. पिशवीतून तिनं माझ्यासाठी गरम जिलेबी काढली. मी खाल्ली. ट्रॉलीचं तिला सांगितलं नाही. त्या जिलेबीची आठवण आली की आजही मला माझीच लाज वाटते.

पुढं तपासणीपर्यंत मी होल्डरला हात लावला नाही. शोभाला वाटलं, नवरा शहाणा झाला. ती खूश होती.

छातीतला साक्षीदार

तीन महिन्यांच्या तपासणीला आम्ही दोघं एसटीनं गेलो. तिथं यंत्र तपासायला एक तरुण मुलगी होती, वैशालीच्याच वयाची. तिनं छातीवर एक चकती ठेवली, समोर कॉम्प्युटर. यंत्र आत बसून सगळं लिहून ठेवतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

ती म्हणाली, "बॅटरी छान आहे काका. तार छान आहे." मग तिनं कपाळाला आठी घातली. "मागच्या महिन्यात एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, तुम्ही काय करत होता?"

मी म्हटलं, "मंगळवारी? काही नाही. घरीच होतो."

"इथं गडबड दिसतेय. बाहेरच्या विजेचे सिग्नल यंत्रानं पकडलेत. लागोपाठ, तुटक तुटक. यंत्राला वाटलं, हृदय आपलं आपण चाललंय. म्हणून ते थोडा वेळ गप्प बसलं. तेव्हा चक्कर आली असणार."

शोभा माझ्याकडं पाहत होती. "मंगळवारी सव्वाअकरा," ती हळू म्हणाली. "म्या बाजारात होती."

मोठे डॉक्टर आले. रागावतील असं वाटलं, पण ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "काम केलंत ना? ठीक आहे. आता लपवू नका. कसं केलंत ते मला करून दाखवा."

मी उभा राहिलो. टेबलावर रक्तदाबाच्या यंत्राची नळी होती, ती होल्डर म्हणून हातात घेतली. उजवा हात लांब केला. "बघा साहेब, छाती दोन हात लांब ठेवली होती." आणि बोलता बोलता ती नळी मी डाव्या खांद्यावरून मागं टाकली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "हे काय केलंत?"

"काय?"

"ही नळी खांद्यावर का टाकली?"

"ही तर केबल आहे साहेब."

डॉक्टरांनी आधी नळीकडं, मग माझ्या छातीच्या डाव्या बाजूकडं बोट दाखवलं. मग माझं मलाच दिसलं. ठिणगी मी छातीपासून लांब ठेवली होती आणि ज्या केबलमधून तिचा सगळा करंट वाहतो, ती केबल नेमकी यंत्रावर अंथरली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी तर अर्धा मरूनही सोडली नव्हती.

परतीची एसटी

शोभा बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन, माझ्याकडं पाठ करून बसली. मध्ये गाडी थांबली. तिनं खाली उतरून एक प्लेट भजी घेतली आणि माझ्यासमोर बसून एकटीनं खाल्ली. चोवीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मेहकर आलं तेव्हा ती बोलली. "तुमी मले सांगतलं असतं, तर म्या भांडली असती. चार दिवस बोलली नसती. पण मले माहीत तर असतं. तुमी ट्रॉलीवर पडले असते, अन् म्या तिकडं जिलेबी तोलून घेऊन राह्यली होती." मग ती रडायला लागली, भरल्या एसटीत. मलाही रडू आलं. समोरच्या सीटवरचे आजोबा खिडकीबाहेर पाहत बसले, भला माणूस.

मी म्हटलं, "शोभे, मले भेव वाटत होतं. तू मशीन विकशीन म्हणून."

"मशीनचं भेव वाटत होतं, अन् मरायचं नाही?"



चोवीस तासांची डबी

डॉक्टरांनी पूर्ण नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी एक रस्ता दिला होता. छातीला चिकट्या लावून कमरेला बांधायची एक डबी असते, ती चोवीस तास हृदयाचे ठोके टिपते. ती लावून, सांगितल्याप्रमाणे, हलकं काम करून दाखवायचं. गडबड दिसली नाही तर परवानगी. दिसली तर होल्डर कायमचा खाली. मी कबूल झालो. शोभा म्हणाली, "म्या समोर उभी राहीन." मी त्यालाही कबूल झालो.

त्या दिवशी दुकानात जी मांडामांड झाली, ती आजही तशीच आहे. मशीन माझ्यापासून पाच-सहा फूट लांब, लिंबाच्या झाडाखाली. होल्डरची आणि अर्थिंगची केबल एकमेकींना काळ्या टेपनं बांधून जमिनीवरून उजव्या बाजूनं आणलेली. अंगावर केबल घ्यायची नाही, तिच्या वेटोळ्यात उभं राहायचं नाही. अर्थिंगचा चिमटा जिथं जोडायचं तिथंच, वीतभर अंतरावर. हातमोजे कोरडे, पायात कोरडे बूट, रॉड उन्हात तापवलेले. छातीपासून ठिणगी दोन फूट तरी लांब हवी, म्हणून मी टेबल बदललं. टक-टक करायचं नाही. रॉड पेटला नाही तर थांबायचं, पाच-दहा सेकंद जाऊ द्यायचे. करंट माझ्या डॉक्टरांनी दिलेल्या आकड्याच्या वर न्यायचा नाही. तो आकडा मी इथं मुद्दाम लिहीत नाही. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझा उचलू नका. आणि ज्यांच्या छातीत झटका देणारं यंत्र असतं, त्यांची गोष्ट वेगळी. वेटिंगमध्ये मला नांदुऱ्याकडचा एक फिटर भेटला होता, त्याला त्याच्या डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. तो कुरकुरला नाही, जळालेल्या मोटारींत तार भरायचं काम शिकायच्या आधीही त्यानं डॉक्टरांना विचारलं.

शोभा मशीनच्या बटनावर हात ठेवून उभी राहिली. डोळे माझ्यावर. मी पहिला रॉड पेटवला. खुर्चीचा मोडका पाय होता, तो जोडायला एरवी दोन मिनिटं लागतात. मला पाऊण तास लागला. अय्यूबभाई पलीकडून ओरडला, "काय बे, ताजमहाल बांधून राह्यला का?"

आठ दिवसांनी निकाल आला. गडबड नाही. हलकं काम, अटी पाळून, एकट्यानं कधीच नाही, आणि चक्कर वाटली की होल्डर सोडून मागं सरकायचं. शोभानं दवाखान्यातच हात जोडले, कोणाला ते तिलाच माहीत. माझ्या जिवात जीव आला.

हडंबा

उरलेला पावसाळा मी काम केलं. थोडं, सावकाश. शोभा बटनापाशी. ती तिथं बसून भाजी निवडायची, आणि माझा खांदा जरा वाकडा झाला की खटकन मशीन बंद. दिवसातून तीनदा बंद करायची. गिऱ्हाईक हसायचे. मी चिडायचो, मग हसायचो. तिला दुकान सोडता येईना. बाजार बंद, हळदी-कुंकू बंद. वैशाली नांदुऱ्याहून बोलावत राहिली, ही जाईना. मी म्हणायचो जा, आणि ती म्हणायची, पाहू.

सोयाबीनच्या दिवसांत गजाननभाऊ हडंबा घेऊन आला. हडंबा म्हणजे सोयाबीन काढायचं मळणीयंत्र. त्याच्या मुख्य दांड्याजवळची जाड बैठक तडकली होती. अय्यूबभाई त्या दिवशी बुलढाण्याला गेलेला. गजाननभाऊच्या वावरात मजूर बसून होते, आभाळ भरत होतं.

"परभाकरभाऊ, दोन मिन्टाचं काम आहे. एक टाका मार, बस."

मी बैठक पाहिली. जाड लोखंड. ते जोडायला करंट चढवावा लागतो, आणि आत वाकून, छाती लावून काम करावं लागतं. माझ्या हाताला खाज सुटली, खोटं कशाला सांगू. असलं काम मी डोळे मिटून केलं आहे. शोभाकडं पाहिलं. ती बटनापाशी होती, तिचा हात मांडीवर होता.

मी म्हटलं, "गजाननभाऊ, हे मले जमणार नाही."

"तुले? तुले जमणार नाही?"

"जमते. पण आता जमत नाही. करंट लय लागते याले, अन् आत छाती घालावी लागते. माह्या अटीत बसत नाही. मेहकरले घेऊन जा. थांब, म्या फोन करून देतो, नंबर लवकर लागीन."

तो चिडला. म्हणाला, "मंग दुकान कायले उघडं ठेवलं?" आणि ट्रॅक्टर वळवून गेला. सव्वीस वर्षांत मी कोणत्याही लोखंडाला नाही म्हटलं नव्हतं. मला वाटलं होतं, ज्या दिवशी म्हणावं लागेल त्या दिवशी मी संपलो. तसं काही झालं नाही. मी हातमोजे काढले, पाणी प्यालो आणि राहिलेली खिडकीची जाळी जोडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभानं पिशवी भरली. म्हणाली, "नांदुऱ्याले जातो. दोन दिवस राहीन."

मी म्हटलं, "अन् दुकान?"

"तुमचं आहे, तुमी पाहा."

मला वाटलं, जाताना शपथ घालील, अय्यूबभाईला नजर ठेवायला सांगेल. काही नाही. फाट्यावर एसटीत बसली आणि गेली. त्या दिवशी मी एकटा होतो, म्हणून मशीन लावलंच नाही. दोन गेटांना रंग मारला. संध्याकाळी तिचा फोन आला. भाजी काय केली, दूध तापवलं का, वैशालीच्या घरी पाणी एक दिवसाआड येतं, असं सगळं बोलली. दुकानाचं एक अक्षर तिनं विचारलं नाही.